मोठीमाय, पुढं बसा



संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या चुलीवर तवा असेल, कुणाच्या मांडीवर लेकरू असेल, कुणी आत्ताच रानातून येऊन हातपाय धूत असेल. हातातलं काम सोडू नका. भाकरी करपू देऊ नका. कान तेवढा इकडं असू द्या.

एरवी आम्ही इथं बसून बचत, व्याज, बँकेचं कर्ज, शेळीचा विमा असं सांगत असतो. आज हिशोबाचं थोडं आणि मनाचं जास्त बोलायचं आहे. विषय आहे म्हातारपणाचा. आणि हे बोलताना आमच्याच गटाकडून झालेली एक चूक सांगायची आहे. चांगलं केलेलं आपण सगळीकडं सांगतो, फोटो काढतो. चूक सांगायला जीभ जड होते. पण आमची चूक ऐकून दुसऱ्या एखाद्या गटाची टळली, तर सांगितल्याचं सार्थक होईल.

आधी सांगा, बाई म्हातारी कधी होते?

आधार कार्डाला विचारून उपयोग नाही. कार्डावर आमच्या अर्ध्या गावाचा जन्म १ जानेवारीचा आहे. कार्ड काढताना कुणाला तारीख माहीत नव्हती, समोरच्यानं अंदाजे साल टाकलं आणि सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आमच्या जुन्या बाया वय असं मोजतच नाहीत. त्या म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, तेव्हा थोरला पोटात होता. १९७२ चा तो दुष्काळ, रोजगाराची कामं, खडीचे ढीग आणि हातावर मिळालेली सुकडी, हेच त्यांचं कॅलेंडर. त्यावरून आपण हिशोब करायचा.

आणि आपल्यासारख्या पस्तीस-चाळीसच्या बाया? आपल्याला पहिला पांढरा केस दिसतो, तो आपण उपटून टाकतो. सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारतो आणि म्हणतो, उजेड कमी आहे. आमच्यातल्या काही जणी ऊसतोडीला जातात. कोयता चालवून, मोळी डोक्यावर घेऊन ट्रक भरताना पस्तिशीतच त्यांची कंबर साठीची होते. म्हणजे म्हातारपण काही एका दिवशी दारात येऊन उभं राहत नाही. ते गुडघ्यातून येतं, डोळ्यातून येतं, कानातून येतं. पण एक म्हातारपण असं असतं, जे अंगातून येत नाही. ते दुसऱ्यांच्या तोंडातून येतं. "तुमचं आता वय झालं" असं चार जणींनी म्हटलं की बाई त्या दिवशी म्हातारी होते.

आमच्या गटातल्या एका बाईला आम्ही अशीच म्हातारी केली.

त्यांना सगळं गाव मोठीमाय म्हणतं. नात्यानं त्या आमच्यातल्या कुणाचीच मोठीमाय नाहीत, पण गावात नातं रक्ताचंच असावं लागतं असं कुठं आहे. आमचा गट सुरू झाला तेव्हा आम्ही नव्या सुना होतो. सासू सोडत नव्हती, नवरा विचारत होता, तिथं जाऊन करता काय. तेव्हा मोठीमाय घरोघर फिरल्या. आमच्या सासवांसमोर बसून म्हणाल्या, "पोरीला पाठव. मी हाय ना संगं." त्यांच्या भरवशावर आम्ही घराबाहेर पडलो. पहिली बचत त्यांनी पदराच्या गाठीतून काढून सतरंजीवर ठेवली होती.

बैठकीची सुरुवात त्यांच्या ओवीनं व्हायची. जातं घराच्या कोपऱ्यात उलथं पडलं, पीठ गिरणीत जायला लागलं, तरी ओवी त्यांच्या तोंडात राहिली होती. आणि त्या सही करायला शिकल्या ते आमच्या गटातच. पाटीवर गिरवून गिरवून, साठीच्या आसपास. ज्या दिवशी अंगठ्याऐवजी सही केली, त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन आम्हाला गूळ आणून दिला. अक्षर वाकडं होतं, पण त्यांचं होतं.

मग हळूहळू त्यांचे गुडघे धरले. ऐकू कमी आलं. बैठक समाजमंदिरात, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. एक बैठक चुकली, दोन चुकल्या. आल्या तर म्हणायच्या, "काय म्हणली? मोठ्यानं सांग माय." एकच गोष्ट तीनदा सांगावी लागायची. आमच्यातली कुणी डोळे फिरवायची. त्यांना ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र चांगलं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्हाला बँकेच्या मोठ्या कर्जाचा प्रस्ताव करायचा होता. गटाची वही तपासली जाणार. दशसूत्रीत पहिलंच सूत्र नियमित बैठकीचं, आणि मोठीमायच्या नावासमोर तर ओळीनं गैरहजेरी. कुणीतरी म्हणालं, त्यांचं नाव कमी केलं तर हजेरी पूर्ण दिसेल. कुणीतरी म्हणालं, त्यांनाच त्रास होतो, सुटतील बिचाऱ्या. खरं कारण बैठकीत कुणी उच्चारलं नाही. ते बाहेर चपला घालताना बोललं गेलं: "कर्ज त्यांच्याही नावावर पडणार. उद्या काही झालं, तर भरायचं कुणी?"

म्हणजे बाई जिवंत, आणि आम्ही तिच्या मरणाचा हिशोब मांडून बसलो होतो.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. गोड बोललो. "मोठीमाय, आता तुम्ही आराम करा." त्यांनी एकदा आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठं सही करू?" त्यांची सगळी बचत, वाट्याला आलेलं व्याज, पै न् पै हिशोब करून आम्ही हातात दिली. ज्या गटानं त्यांना सही शिकवली, त्याच गटाच्या वहीत त्यांनी ती वाकडी सही केली. शेवटची. वही आमच्याच हातात होती. हिशोब अगदी बरोबर होता. चूक हिशोबात नव्हती.

कर्ज मिळालं. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन. बैठका भराभर व्हायला लागल्या. एकच गोष्ट एकदाच सांगायची. ओवी म्हणायला कुणी नव्हतं, मग आम्ही थेट वहीपासूनच सुरुवात करायला लागलो. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंही असेल, पण कुणी बोललं नाही.

मग महाशिवरात्र आली. आमच्यातल्या सात-आठ जणी दरवर्षी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातात. एसटीत बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर सोपंच झालंय. औंढ्याचं देऊळ तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. गाभारा खाली आहे, भुयारासारखा. अरुंद पायऱ्या उतरताना श्रीमंत असो की गरीब, प्रत्येकाला वाकावंच लागतं. मोठीमाय आमच्यासोबत यायच्या, पण मागच्या काही वर्षांत त्यांना त्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. त्या देवळाच्या मागं नंदीजवळ बसायच्या, आमच्या पिशव्या आणि चपला राखत. आम्ही दर्शन घेऊन यायचो, त्यांच्या हातावर प्रसाद ठेवायचो. त्या म्हणायच्या, "झालं माझं दर्शन."

या वर्षी देवळात पोचलो आणि पहिला प्रश्न पडला, पिशव्या कुणाजवळ ठेवायच्या? सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. शेवटी दोन-दोन जणींनी पाळीपाळीनं जायचं ठरलं.

आमच्यासोबत एकीची चौथीतली लेक होती. तिनं विचारलं, "सगळीकडं नंदी देवासमोर असतो, इथं मागं का?" तिला गोष्ट सांगायला लागलो. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? आपल्या नर्सीचे नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तन करत होते. लोकांना ते अडचणीचं वाटलं. त्यांना सांगितलं, इथं नको, मागं जाऊन बसा. नामदेव मुकाट्यानं देवळाच्या मागं गेले आणि तिथं कीर्तन करायला लागले. तेव्हा देऊळच फिरलं. देवानं तोंड मागच्या बाजूला केलं, जिकडं नामदेव होते तिकडं. नंदी होता तिथंच राहिला, म्हणून तो आता मागं.

गोष्ट सांगणारी "मागं जाऊन बसा" इथपर्यंत आली आणि तिचा आवाज अडकला. आम्ही ज्या ओट्याजवळ उभ्या होतो, तिथंच मोठीमाय बसायच्या.

देऊळ खरंच फिरलं का, हा वाद आम्हाला घालायचा नाही. पण ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून ठेवली, ती कशासाठी? ज्याला माणसं मागं ढकलतात, त्याच्याकडं देव तोंड करतो, एवढंच त्यांना सांगायचं असेल. आणि पुढं काय झालं तेही पाहा. शिंप्याच्या घरातल्या त्या नामदेवांची ६१ पदं शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आजही पंजाबातून माणसं नर्सीला येऊन माथा टेकतात. आणि त्यांच्या घरी कामाला राहिलेली जनाबाई, शेजारच्या गंगाखेडची, घरची लेक नव्हे. दळण-कांडण, झाडलोट करणारी पोर. पण तिनं स्वतःला नामयाची दासी म्हणवलं आणि तिचं नाव त्या घराला कायमचं जोडलं गेलं. कुणाला त्या घरातल्या सगळ्यांची नावं आठवणार नाहीत, जनीचं नाव मात्र लेकराला माहीत असतं.

आम्ही जनाबाईचे अभंग म्हणतो, नामदेवांच्या पालखीसमोर फुगडी खेळतो. आणि आमच्याच गटातल्या जनीला आम्ही मागं जाऊन बसायला सांगितलं होतं. परत येताना एसटीत कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठीमायच्या घरी गेलो. हळदीचे दिवस होते. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं माघ-फाल्गुनात वसमत असो की हिंगोली, सगळीकडं हळदच हळद. कुठं काढणी, कुठं हळद शिजवायची वाफ, कुठं वाळत घातलेलं पिवळं अंगण. मोठीमाय अंगणात गोणपाटावर बसून बेणं निवडत होत्या. जेठे गड्डे एकीकडं, सडकं-किडकं एकीकडं.

खरी गोष्ट सांगतो. त्या दिवशी त्यांची माफी मागायला गेलो होतो, पण माफीचे शब्द तोंडातून निघेनात. मग आमच्यातली एक जण म्हणाली, "मोठीमाय, तुम्ही गटात परत या. आपल्याला बेणं विकायचा धंदा करायचाय. तुमच्याइतकं बेणं कुणाला कळतंय?" आम्हाला वाटलं, किती छान बोलली.

मोठीमायनं हातातला गड्डा खाली ठेवला. म्हणाल्या, "बेणं निवडता येतं म्हणून बोलावूलालीस व्हय? अन् उद्या डोळे गेल्यावर? हात थरथरल्यावर? तवा पुन्हा सही कुठं करू म्हणून सांगशील?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं होतं?

आपण म्हाताऱ्या माणसांची बाजू घेतो तेव्हाही असंच बोलतो. म्हणतो, त्यांच्याजवळ अनुभव असतो, त्या नातवंडं सांभाळतात, घराला राखण होते, त्यांना औषधाचा पाला माहीत असतो. सगळं खरं आहे. पण याचा अर्थ असा होतो की, कामाची आहे तोवर म्हातारी ठेवा. आपण बायांनी जन्मभर हेच सोसलंय. हातात काम आहे तोवर घरात मान, आजारी पडली की ओझं. तोच तराजू आम्ही मोठीमायसमोर धरला, आणि तोही चांगुलपणानं.

मग आमच्यातल्या एकीनं ते चपला घालताना बोललेलं वाक्य त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगितलं. म्हणाली, "मोठीमाय, कर्जाची भीती वाटली. तुम्हाला काही झालं तर कोण भरेल, म्हणून नाव काढलं. चुकलं आमचं."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढंच होतं तर तोंडावर बोलायचं. मी मेले तर माझी शेळी इका, कर्ज फेडा. पर जित्ती हाय तवर मेली धरू नका."

परत येता का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "इचार करते." आणि खाली मान घालून बेणं निवडायला लागल्या.

तीन आठवडे त्यांनी आम्हाला थांबवून ठेवलं. बरंच झालं. तेवढ्यात आम्ही काही कामं केली. प्रभागसंघात जाऊन विचारलं, वय झालं म्हणून सभासदाचं नाव काढायचा नियम आहे का? असा नियम कुणी दाखवला नाही. आमच्याच मनातली गोष्ट आम्ही नियम धरून बसलो होतो. उलट एक गोष्ट कळली, ती तुमच्याही कामाची आहे. उमेदमध्ये एरवी १० ते २० बायांचा गट लागतो, पण वृद्धांचा किंवा दिव्यांगांचा विशेष गट ५ जणींचाही होऊ शकतो. म्हणजे सरकारी कागदानं म्हाताऱ्या बायांसाठी दार उघडं ठेवलंय. ते लावून घेतलं आपण.

मग आम्ही ठरवलं. महिन्यातली पहिली बैठक मोठीमायच्या ओट्यावर. इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं, त्यांचा उजवा कान चांगला आहे, त्या बाजूला बसून. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली तर तीनदा सांगायची. आपल्या लेकराला आपण शंभरदा सांगतो की नाही? आणि कामाची अट नाही. बेणं निवडलं तरी सभासद, नाही निवडलं तरी सभासद.

आणखी एक. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून फिरून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बायांच्याही आहेत. एवढ्या परक्या माणसांना त्या ओव्यांची किंमत कळली. आणि आम्ही बारा जणी, हातात मोबाईल, इतक्या वर्षांत मोठीमायची एक ओवी भरून ठेवली नाही. आता ठेवतो आहोत. तुमच्या घरातही कुणी असेल. आज रात्री जेवणं झाली की मोबाईल समोर ठेवा आणि म्हणा, म्हणा बरं एक.

आता थोडं हिशोबाचं. हे लिहून घेतलंत तरी चालेल.

ज्यांचं वय ६५ च्या पुढं आहे आणि घर गरिबीचं आहे, म्हणजे दारिद्र्यरेषेखाली नाव आहे किंवा वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, त्यांना श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत असलेल्या निराधार, विधवा बायांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. अर्ज तहसीलला जातो. लाडकी बहीणचे पैसे २१ ते ६५ वयाच्या बायांना आहेत. म्हणजे ६५ पूर्ण झाली की ते थांबणार. तेव्हा आधीच श्रावणबाळची कागदं तयार ठेवा. आधारवर वय चुकलेलं असेल तर हातावर हात ठेवून बसू नका. जन्माची नोंद, मतदार यादीतली नोंद किंवा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांचा वयाचा दाखला, यातलं काय चालतं ते तहसीलमध्ये विचारून घ्या. मोठीमायच्या कार्डावर त्यांचं वय सात-आठ वर्षांनी कमी पडलंय. बहात्तरला खडी फोडलेली बाई कागदावर तेव्हा शाळकरी पोर होती. ते दुरुस्त करायला आम्ही आता त्यांच्यासोबत चकरा मारतो आहोत. दुरुस्त झालं आणि ७५ पूर्ण झाली, की त्यांना एसटीत तिकीटच लागणार नाही. २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे.

आणि एक कायदा. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा कायदा झाला. साठीच्या पुढच्या आईबापाला लेक किंवा लेकी सांभाळत नसतील, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरवून देता येते. लेकराच्या नावावर घर-जमीन करून देणार असाल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" असं कागदात लिहून घ्या. ते लिहिलेलं असलं आणि लेकरानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. आपल्या बाया म्हणतील, पोटच्या पोरावर अर्ज कसा करायचा? खरं आहे. करावा लागू नये. पण कायदा आहे हे पोराला माहीत असलं, तर बऱ्याचदा अर्ज करावाच लागत नाही.

पैसे मिळाले, तिकीट माफ झालं, कायदा झाला. हे सगळं हवंच. पण एवढ्यानं भागतं का? मोठीमायला आम्ही त्यांची पै न् पै दिली होती, तरी त्यांचं काय हिरावलं होतं? बैठकीतली जागा. "मोठीमाय, तुम्हाला काय वाटतं?" असं कुणीतरी विचारणं. शेजारच्या घरात पाहा. म्हातारीला ताटात वाढतात, औषध देतात, पण घरात म्हैस घ्यायची ठरली तर तिला विचारत नाहीत. ज्या बाईनं जन्मभर म्हशी पिळल्या, तिला ती म्हैस दारात आल्यावर कळतं.

आमच्या गटात सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. एकीची सासू दरवर्षी अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, आता गर्दीत चालवत नाही म्हणून घरीच पांढरी साडी नेसून वंदना घेते. एकीची आई रोजे धरते, डॉक्टर नको म्हणतात तरी. एकीची आजी एकादशीला वारीच्या आठवणी काढून रडते. श्रद्धा वेगळ्या, पण तिघींचं मागणं एकच. देवाजवळ त्या जास्त आयुष्य मागत नाहीत. म्हणतात, हातपाय चालते असू दे, कुणाला जड होऊ देऊ नको. ऐकताना वाटतं, हे मागणं देवाजवळ नाही, आपल्याजवळ आहे. जड वाटायचं की नाही, हे तर आपल्याच हातात आहे.

आणि आपलीही पाळी येणार आहे, बायांनो. आज आपण वही लिहितो, उद्या आपल्यालाही चष्मा लावून ओळ सापडणार नाही. आपल्या लेकी बघतायत, आपण सासूशी कशा बोलतो, आईला फोनवर किती वेळ देतो. त्या काही बोलत नाहीत, पण शिकतायत. हळदीचा पाला पिवळा पडून वाळला की आपण म्हणतो का, पीक मेलं? आपण म्हणतो, हळद पिकली, काढायला झाली. आणि पुढच्या साली लावायला राखतो ते जेठे गड्डेच. केस पांढरे झाले की आपण तेही "पिकले" म्हणतो. शब्द आपल्या बोलीत चांगलाच आहे. वागणं तेवढं त्याला धरून हवं.

तर, मोठीमाय आल्या का, हे सांगायचं राहिलं.

आल्या. चौथ्या आठवड्यात, काठी टेकत, समाजमंदिरातच. आम्ही ओट्यावर यायचं म्हटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा मी येते. माग तुमी या." आल्या आणि दाराशीच भिंतीला टेकून बसल्या. आम्ही सगळ्या म्हणालो, "मोठीमाय, पुढं बसा, पुढं बसा." त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "हितंच बरं हाय. वारं येतं."

मग आम्ही उठलो आणि सतरंजी फिरवली. वही, पेटी, सगळं उचलून दाराच्या बाजूला आणलं आणि त्यांच्याकडं तोंड करून बसलो. त्या जरा हसल्या. म्हणाल्या, "काय करूलालीव ह्या पोरी." आणि मग न सांगताच ओवी सुरू केली. मधे एक ओळ विसरल्या. थांबल्या. आठवेपर्यंत आम्ही थांबलो.

मैत्रिणींनो, या आठवड्यात तुमच्या गटाची वही उघडा. ज्यांच्या नावासमोर बऱ्याच गैरहजेऱ्या आहेत, ते नाव वाचा. नाव आधीच कमी झालं असेल तर जुनी वही काढा. मग त्यांच्या घरी जा. जाताना काही काम घेऊन जाऊ नका. नुसतं बसा, आणि विचारा, तुम्हाला काय वाटतं.

आपण पुन्हा भेटू. तोवर रामराम, जय भीम, सलाम.